परदेशांना मदत : तुमचं मत काय आणि ते बनलं कसं?

खारेदाणे

मंडळी, हा धागा काढू की नको असं आठवडाभर चाललं होतं, शेवटी काढतोच.

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तुर्कस्तानच्या सफरचंदांचा विषय निघाला. पुण्याच्या व्यापाऱ्यांनी ती घ्यायचं बंद केलं ते सगळ्यांनी वाचलंच असेल. मग एकाने लिहिलं की फेब्रुवारी २०२३ ला तिकडे भूकंप झाला तेव्हा आपण 'ऑपरेशन दोस्त' म्हणून एनडीआरएफची पथकं पाठवली, वास काढणारी कुत्री पाठवली, इस्केंदेरूनला लष्कराचं अख्खं हॉस्पिटल उभं केलं, आणि मे २०२५ मध्ये पाकिस्तानातून आपल्यावर आलेले ड्रोन कुठल्या बनावटीचे निघाले तर तुर्की. त्याच्याखाली लगेच दुसऱ्याचा मेसेज, २०२५-२६ च्या बजेटमध्ये दुसऱ्या देशांना मदत ५४८३ कोटी, आधी आपल्या गेटसमोरच्या नाल्यावरचा स्लॅब टाका म्हणावं. मी अंगठा दिला आणि सवयीने घरच्या ग्रुपवर ढकलला.

दहा मिनिटांत बाबांचा फोन. बाबा गावी असतात, औसा तालुक्यात. नमस्कार चमत्कार काही नाही, थेट म्हणाले, "इथं आलास की ज्या घरात झोपतूस, त्ये कुणाच्या पैशातनं झालंय रं?"

आता हे मला माहीत नव्हतं असं नाही. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक दमून झोपलेले, पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. मी सहा वर्षांचा होतो. मला धूळ आठवते आणि आज्जीने मला तोंड दाबून छातीशी धरलं होतं ते आठवतं, बाकीचं सगळं ऐकीव आहे. मग पत्र्याचं शेड, आणि मग नवीन गाव. ५२ गावं जुन्या जागेवरून उठवून नवीन जागी बसवली, त्यातलं आमचं एक. घरं तीन मापांची, जमिनीच्या हिशोबाने अडीचशे, चारशे आणि साडेसातशे स्क्वेअर फूट. आमच्या वाट्याला चारशेचं आलं. ह्या सगळ्यामागे जागतिक बँकेचा मोठा पैसा होता आणि हे गावातलं शेंबडं पोर सांगतं, पण सोसायटीच्या ग्रुपवर अंगठा देताना ते मला आठवलं नाही एवढं खरं.

तर मला भांडायचं नाहीये. मला माझं मत ठरवायचंय आणि ते जमत नाहीये. तुम्ही कसं ठरवलं ते सांगा.

कडकचहा

ह्यात ठरवायचं काय. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं. आमच्याकडे मार्चपासून टँकर चालू आहे, बायका ड्रम घेऊन रांगेत, आणि आपण मालदीवला पैसे देणार, तेही 'इंडिया आउट' म्हणत निवडून आलेल्या त्यांच्या राष्ट्राध्यक्षाला.

आणि खारेदाणे, तुमच्या बाबांना नमस्कार सांगा पण जागतिक बँकेचं ते कर्ज होतं. मदत नव्हे. फेडावं लागतं. तेव्हा कुणी आपल्यावर उपकार केले ही भानगड नको.

आकडेमोड

चहाशेठ, थोडं थंड घ्या :) ५४८३ कोटी हा आकडा बरोबर आहे पण तो कशातून ते कुणी फॉरवर्ड करत नाही. २०२५-२६ चं बजेट ५० लाख ६५ हजार कोटींचं आहे. म्हणजे शंभर रुपयांतले ११ पैसे. तुलना करायचीच तर आपल्या राज्याने लाडकी बहीणसाठी त्याच वर्षी ३६ हजार कोटी ठेवले, म्हणजे देशाची सगळी परदेशी मदत त्या योजनेला दोन महिनेसुद्धा पुरणार नाही. (योजनेवर मत देत नाहीये, कृपया धागा तिकडे नेऊ नका.)

त्या ५४८३ मधले २१५० कोटी एकट्या भूतानला. नेपाळ ७००, मालदीव ६००, मॉरिशस ५००, अफगाणिस्तान १००. थोडक्यात, जगाचं दारिद्र्य दूर करायला आपण निघालेलो नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांना धरून ठेवतोय.

दुसरं म्हणजे मोठे आकडे ह्यात नसतातच. ते लाइन ऑफ क्रेडिट असतात, मुंबईत कफ परेडला एक्झिम बँक आहे तिच्यामार्फत. बांगलादेशला २०१० पासून तीन हप्त्यांत मिळून साडेसात अब्ज डॉलर जाहीर केले ते असे. ते कर्जच, आणि अट अशी की साधारण ७५ टक्के माल आणि सेवा भारतातून घ्यायच्या. म्हणजे पैसा फिरून आपल्याच कंत्राटदाराकडे, आपल्याच सिमेंटवाल्याकडे येतो. त्याला मदत म्हणायचं की उधारीचं दुकान ते तुम्ही ठरवा.

कडकचहा

उधारीचं दुकान असेल तर माझा विरोध नाही, उलट जोरात चालवा. फक्त मग 'विश्वबंधू' वगैरे भाषणं करू नका.

मिलोभाकरी

मी इथे क्वचित लिहितो. आयडी बघून काही जणांना कळलं असेल.

बहात्तरच्या दुष्काळात मी नववीत होतो, मु. पो. सांगत नाही, माणदेश समजा. आई आणि थोरला भाऊ खडी फोडायला, मी शाळा सुटली की पाणी घेऊन जायचो. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर मिलो. लाल ज्वारी. तिला जिगी म्हणून नव्हती, भाकरी थापायला घेतली की कडेने तुटायची, आई गरम पाण्यात उकड काढून कशीबशी जमवायची आणि तव्यावर टाकताना दरवेळी म्हणायची, "हितनं पुढं देवाच्या हातात." वास यायचा तिला. जनावरांचं खाद्य आपल्याला घातलं असं गावात बोलायचे. मिलो अमेरिकेतून यायची. फुकट दिलेली की सरकारने विकत घेतलेली ते आम्हाला कोण सांगणार, रांगेत उभं राहणाऱ्याला दोन्ही सारखंच. त्याआधी शाळेत दुधाची पावडर यायची तिच्या डब्यावर दोन हात मिळवलेले असायचे, ते चित्र मला अजून काढता येईल.

त्या मिलोने आम्ही जगलो. आणि ती मिलो मी आजन्म विसरणार नाही ते तिच्या चवीमुळे नाही, रेशन दुकानदार मापताना ज्या नजरेने बघायचा त्यामुळे. तेव्हापासून माझं मत एकच, देणाऱ्याने द्यावं पण समोरच्याला मान खाली घालायला लावू नये. तुर्कस्तान कृतज्ञ राहिला नाही म्हणणाऱ्यांना विचारतो, तुम्ही अमेरिकेशी किती कृतज्ञ राहिलात?

टिवल्याबावल्या

काका _/\_

अवांतर: त्याच अमेरिकेच्या पीएल ४८० (त्यांचा धान्य-मदतीचा कायदा) च्या गव्हातून काँग्रेस गवत आलं ना? म्हणजे मदतीबरोबर व्याजही मिळालं.

आकडेमोड

अवांतराला अवांतर: गोष्ट लोकप्रिय आहे पण तारखा जुळत नाहीत. पुण्यात हे काँग्रेस गवत १९५५ साली दिसल्याची नोंद आहे आणि पीएल ४८० चा आपला पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. अमेरिकन गहू त्याआधी १९५१ मध्येही आला होता, तोही कर्जावर, तेव्हा गव्हातून आलंच नाही असं मी म्हणणार नाही. पण पीएल ४८० वर बिल फाडता येत नाही.

पण काकांच्या मुद्द्याला धरून, पासष्ट-सहासष्टला अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन ह्यांनी काय केलं ते आठवा. आपल्याकडे लागोपाठ दुष्काळ, आणि आपण व्हिएतनामवर त्यांना टोचून बोलतो म्हणून हे गव्हाची परवानगी वर्षाची न देता थोडी थोडी देणार. जहाज बंदरात लागलं की तोच गहू थेट ताटात, शिल्लक शून्य. शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं ते ह्याच काळात. आमच्या घरी आजोबा नव्वदीत जाईपर्यंत सोमवारी रात्री जेवत नव्हते, आम्हाला वाटायचं महादेवाचा उपास.

बोगदेवाला

भूतानचा विषय निघाला म्हणून लिहितो, मी तिथे होतो. २००३ ते २००६, ताला जलविद्युत प्रकल्प, १०२० मेगावॉट. आमचं काम बोगद्यातलं. आमच्या मेसमध्ये सांगलीचा आचारी होता आणि त्याने एमा दात्शीत (त्यांची मिरची-चीजची भाजी) शेंगदाण्याचं कूट घालून दोन्ही देशांचे लोक नाराज केले होते :)

भूतानची मदत ही आपल्या सगळ्या मदतीतली सगळ्यात शहाणी मदत असं मी वर्षानुवर्षं सांगत आलोय आणि अजूनही बहुतांशी तेच म्हणेन. आधी चुखा झाला ३३६ मेगावॉटचा, मग ताला, दोन्हीकडे ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज असा हिशोब. वीज त्यांच्या नदीची, पैसा आणि इंजिनियर आपले, जास्तीची वीज आपणच विकत घ्यायची, त्या पैशावर त्यांची शाळा-दवाखाने चालायचे. दोघांचं भलं. आमच्याबरोबर सर्व्हेला एक भूतानी पोरगा होता, त्याच्या गावात वीज आली त्या दिवशी सुट्टी घेऊन गेला आणि परत आला तेव्हा आमच्यासाठी घरचं सुकं याकचं चीज घेऊन आला, दगडासारखं, दाढेत धरून तासभर चघळायचं. मदत कशी दिसते विचारलं तर मला अजून तेच चीज दिसतं.

पण पुढचं ऐका. नंतरच्या प्रकल्पांत तो हिशोब उलटा झाला. पुनात्सांगछू-१ ला ४० टक्के अनुदान ६० टक्के कर्ज, मांगदेछूला ३० आणि ७०. आणि पुनात्सांगछू-१ चं काम सुरू झालं २००८ ला, २०१३ मध्ये धरणाच्या जागी उजव्या बाजूचा डोंगर सरकायला लागला, अजून धरण झालेलं नाही. खर्च कुठल्या कुठे गेला आणि व्याज चालूच. ज्याला आपण मदत म्हणून मिरवतो त्याची वही तिकडे कर्जाच्या रकान्यात लिहितात.

आणि २०१३ चंच दुसरं. जुलैमध्ये, त्यांच्या निवडणुकीच्या ऐन तोंडावर, आपण गॅस आणि रॉकेलवरची सबसिडी बंद केली. सिलिंडर दुपटीच्या आसपास गेला. महिन्याभरात परत चालू केली म्हणा, पण मी त्या जुन्या सोबत्याला फोन केला तर तो कधी नव्हे ते इंग्रजीत बोलला माझ्याशी, एरवी आम्ही तोडक्या हिंदीत बोलायचो.

मिलोभाकरी

बोगदेवाले, म्हणजे जॉन्सनने आपल्याला गव्हावर धरलं आणि आपण त्यांना गॅसवर धरलं. वा.

कडकचहा

काका, आंतरराष्ट्रीय राजकारण असंच चालतं हो. पैसा देणारा शब्द ठेवणारच. चीन तिथे टपून बसलाय हे विसरू नका, डोकलाम आठवा.

बोगदेवाला

चालतं हे मान्य. पण २०१३ चा फायदा काय झाला सांगा. ज्याला हलवायचं तो पक्ष पडला असेल, पण चुलीपाशी बसलेल्या बाईला कळलं ना की भारत नाराज झाला की आपला गॅस महाग होतो. हे पन्नास वर्षं लक्षात राहतं. काकांना मिलो राहिलीच की.

रेणू_पेठेतली

मी अफगाणिस्तानबद्दल बोलते कारण ते आमच्या माडीवर राहत होतं :)

पुण्यात अफगाण विद्यार्थी किती होते ते जुन्या पुणेकरांना माहीत आहे, बरेच आपल्या सरकारच्या स्कॉलरशिपवर. आमच्या वरच्या खोलीत तीन वर्षं एक मुलगा होता, हेरातचा, एमकॉम करत होता. सासूबाईंनी आधी नाही म्हटलं होतं (मटण शिजवणार का, हा एकमेव प्रश्न), पण त्याने जिन्यात चपला ज्या ओळीने लावल्या त्यावर त्या विरघळल्या. आमचा जुना पाच लिटरचा कुकर त्याला दिला होता, त्याची शिट्टी झाली की सासूबाई खालून ओरडायच्या, "अरे तीन झाल्या, बंद कर." तो 'आई' म्हणायचा त्यांना. त्याच्याकडून मला पहिल्यांदा कळलं की त्याच्या गावाकडे सलमा धरण आहे आणि ते आपण बांधलंय, २०१६ ला त्याचं उद्घाटन झालं तेव्हा त्याचे वडील बघायला गेले होते. काबूलचं संसद भवनही आपलंच, आणि झरंज-देलाराम रस्ता, दोनशे अठरा किलोमीटर, तो बांधताना आपल्या बीआरओची (सीमेवरचे रस्ते बांधणारी संघटना) माणसं मारली गेली. सगळी मिळून तीन अब्ज डॉलरची मदत म्हणतात.

आणि मग १५ ऑगस्ट २०२१. आपल्याकडे सकाळी झेंडावंदन आणि हा वर खोलीत मोबाइल हातात धरून बसलेला, दार उघडं. सासूबाईंनी ताट नेऊन ठेवलं ते संध्याकाळी तसंच होतं.

त्याची बहीणही पुण्यातच शिकत होती. कोविडमध्ये कॉलेज बंद म्हणून घरी गेली होती, ऑनलाइन लेक्चर करत होती. २५ ऑगस्टला आपल्या सरकारने जाहीर केलं की देशाबाहेर असलेल्या अफगाणांना आधी दिलेले सगळे व्हिसा रद्द. सुरक्षेचं कारण होतं, पासपोर्ट चोरीला गेल्याच्या बातम्या होत्या, ते मी समजू शकते. पण ती मुलगी तिकडेच राहिली. मग फेब्रुवारी २०२२ ला आपण अटारीवरून पाकिस्तानमार्गे गव्हाचे ट्रक पाठवायला लागलो, एकूण पन्नास हजार टन द्यायचं कबूल केलं होतं. चांगलंच केलं. तालिबान आले म्हणून उपाशी माणसांचा गहू तोडला नाही ह्याचा मला अभिमानच वाटला. पण त्या मुलीला गहू नको होता हो, तिला तिचं सेमिस्टर पाहिजे होतं. धरण द्यायला आपण तयार, संसद द्यायला तयार, पण शिकायला आलेल्या मुलीला परत आत घ्यायची वेळ आली तर दार बंद. माझं मत तिथे बनलं. मला विचाराल तर एक संसद कमी बांधा, शंभर पोरं जास्त शिकवा आणि वेळ पडली तर ठेवून घ्या.

तो मुलगा पुढे कॅनडाला गेला. कुकर परत दिला, घासूनपुसून, शिट्टी नवीन बसवून.

टिवल्याबावल्या

रेणूताई, गलबलून आलं.

कडकचहा

चांगलं लिहिलंय ताई, खरंच. पण मला एक सांगा, जानेवारी २०२१ ला आपण भूतान-मालदीवला लस पाठवली, आपल्या हडपसरमध्ये तयार झालेली, आणि एप्रिलमध्ये माझा मेहुणा ऑक्सिजन बेडसाठी ॲम्ब्युलन्समध्ये अकरा तास फिरत होता. तीन हॉस्पिटलांनी दारातून परत पाठवला. वाचला, पण मी ती रात्र विसरत नाही. मला कुणी दातृत्व शिकवू नये.

आकडेमोड

चहाशेठ, मेहुणे वाचले हे फार बरं झालं. त्या रात्रीवर मी आकडे टाकणार नाही. एवढंच नोंदवतो की मार्चपासून बाहेर जाणारी लस बहुतेक थांबवलीच होती, आणि त्याने ज्यांना आपण दुसरा डोस कबूल केला होता ते देश लटकले.

खारेदाणे

सगळ्यांचे आभार. दोन दिवस फक्त वाचतोय. चहाशेठ, तुमच्या एप्रिल २०२१ ला जोडूनच मे २०२१ ची एक गोष्ट. केनियाने तेव्हा आपल्याला बारा टन चहा, कॉफी आणि शेंगदाणे पाठवले, कोविडमध्ये राबणाऱ्या लोकांसाठी, आणि ते वाटायला आले महाराष्ट्रातच. आठवतंय? त्यावर काय काय जोक झाले होते. मीसुद्धा केला होता, माझा हा आयडी त्याच आठवड्यातला आहे, आता सांगायला लाज वाटते. ऑक्सिजन मागतोय आणि हे दाणे पाठवतात म्हणून. काल मिलोकाकांचं वाचलं आणि एकदम लक्षात आलं की रेशन दुकानदाराच्या नजरेने मी त्या दाण्यांकडे बघितलं होतं. घेणारा असूनही.

बरं, बाबांशी परत बोललो. चहाशेठचा मुद्दा सांगितला, कर्ज होतं म्हणून. ते म्हणाले, हो, कर्ज होतं, आपल्या सरकारनं फेडायचं, पण त्ये पत्र्याच्या शेडमधी कुणी आम्हाला कर्ज दिलं असतं का. आणि मग पुढे अर्धा तास नवीन गावाला शिव्या, की रस्ते सरळ केले, गल्ली राहिली नाही, शेजारी तोडले, विचारलं कुणी नाही. म्हणजे घरही पाहिजे होतं आणि तक्रारही आहे, आणि तीस वर्षांनीसुद्धा दोन्ही तितक्याच जोरात. मला वाटायचं मदतीबद्दल मत म्हणजे द्यावी किंवा देऊ नये. बाबांचं तसं नाहीये.

तर माझं आता कुठवर आलंय ते लिहितो, उद्या बदलेलही. भूकंप, पूर, दुष्काळ ह्यात हिशोब करायचा नाही, कोणाचं सरकार आहे, उद्या कोणाच्या बाजूने बोलतील, काही नाही. इस्केंदेरूनच्या त्या फील्ड हॉस्पिटलमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास लोकांवर उपचार झाले, त्यातल्या कुणी ड्रोन विकला नव्हता. रेणूताईंचं शिक्षणाचं तर शंभर टक्के पटलं, ह्यात पैसे वाढवले तरी मी ओरडणार नाही. पण धरणं, पूल, लाइन ऑफ क्रेडिट हे सगळं व्यवहार म्हणूनच करा, आणि व्यवहार म्हटला की मला हिशोब पाहिजे, पुनात्सांगछूचा डोंगर सरकल्यावर किती गेले, कोणाचे गेले, आपल्याकडच्या कंत्राटदाराला किती मिळाले, हे बोगदेवाले सांगतात तेव्हा मला कळतं, ही काय पद्धत झाली. आणि बोगदेवालेंचा गॅस सिलिंडर. ते तर करूच नये. नसेल द्यायचं तर आधीच देऊ नका, पण चुलीवर भांडं ठेवल्यावर गॅस काढून घ्यायचा नाही.

मालदीवचं मात्र ठरत नाहीये. २०१४ ला मालेचं पाणी शुद्ध करणारा प्रकल्प जळाला तेव्हा आपण विमानांनी, जहाजांनी प्यायचं पाणी पाठवलं, ते बरोबरच होतं. पण २०२५-२६ चे ६०० कोटी म्हणजे मदत आहे की रुसलेल्या जावयाची मनधरणी, मला सांगता येत नाही.

कडकचहा

जावई म्हटलात तिथेच मान्य केलंत :D

टँकरचं माझं म्हणणं मी मागे घेत नाही. पण ११ पैशात आमचा टँकर अडलेला नाही हेही कळतं मला, तो कशात अडलाय ते आमच्या तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे, टँकर कोणाचे आहेत बघा म्हणजे झालं. त्यावर वेगळा धागा काढतो.

सफरचंद मात्र मी अजून घेत नाहीये.

खारेदाणे

मी पण नाही. हिमाचलची येतीलच जुलै-ऑगस्टात.